अंडाकार बोअर आणि अंडाकार पिस्टन: एक आजार, एक ठेवण

‘पिस्टन लंबगोल झालेत’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की आता फोनवर कुणी ‘लंबगोल’ म्हटलं की मी आधी विचारतो, पिस्टन की बोअर? समोरचा म्हणतो, त्यानं काय फरक पडतो? अहो, सगळा फरक तिथंच पडतो. बोअर (इंजिनातलं ते भोक, ज्यात पिस्टन वर-खाली सरकतो) लंबगोल असेल तर तो झिजलाय. पिस्टन लंबगोल असेल तर तो पिस्टन आहे, एवढंच.

इथं इंग्लंडात मिडलँड्समध्ये राहणाऱ्या आमच्या एका सांगलीकर मित्रानं १९७२ ची एमजीबी घेतली. ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० पर्यंत बनलेली ही उघडी दोन आसनी गाडी. इंजिन १७९८ सीसीचं, चार सिलिंडर, ओतीव लोखंडाचा ब्लॉक, बोअर ८०.२६ मिलिमीटर. गाडी निळा धूर सोडायची म्हणून त्यानं इंजिन खोललं आणि रात्री अकराला मला फोन. ‘पिस्टन गेलेत रे चारही. एकीकडून ८०.२१, दुसरीकडून ७९.९५. पाव मिलिमीटर झिजलेत!’ मशीन शॉपवाल्यानंही मान हलवली होती म्हणे. यानं नवे पिस्टन मागवले. आठवड्यानं पुन्हा फोन, या वेळी आवाज चढलेला: ‘नवा मालही सदोष निघाला. हेही पाव मिलिमीटर लंबगोल आहेत!’

मी विचारलं, नव्या डब्यातल्या पिस्टनला झिजायला वेळ कधी मिळाला? तेव्हा कुठं तो गप्प झाला.

पिस्टन गोल नसतोच. गजन पिनला, म्हणजे पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या आडव्या पिनला, आधार द्यायला त्याच्या पोटात दोन बाजूंना धातूचे जाड ठोकळे असतात. माथ्यावरची उष्णता या ठोकळ्यांतून खाली उतरते, शिवाय स्फोटाचा दाब माथ्याला पिनवर वाकवू पाहतो. दोन्हींचा परिणाम एकच, तापलेला पिस्टन पिनच्या दिशेनं जास्त पसरतो. म्हणून बनवतानाच त्याला त्या दिशेनं लहान ठेवतात, म्हणजे कामाच्या तापमानाला तो गोलाच्या जवळ येतो. वरून खालीही तसंच. माथा सर्वांत जास्त तापतो, म्हणून थंडपणी माथ्याचा व्यास स्कर्टपेक्षा, म्हणजे पिस्टनच्या खालच्या भागापेक्षा, कमी असतो. बैलगाडीच्या चाकाला धाव बसवणारा लोहार धाव चाकापेक्षा जरा लहानच करायचा आणि तापवून चढवायचा. थंड धाव चाकाला लावून ‘चुकली’ असं कुणी म्हणालं तर तो हसला असता. हातातला थंड पिस्टन बघून आपण नेमकं तेच म्हणतो.

तेव्हा पिस्टनचं माप म्हणजे एकच माप: पिनला काटकोनात, स्कर्टवर, बनवणाऱ्यानं सांगितलेल्या उंचीवर. पिनच्या दिशेनं मायक्रोमीटर लावायचा नाही, माथ्यावर तर मुळीच नाही. उंची प्रत्येक पिस्टनला वेगळी असते, ती कागदावर बघून घ्यायची, ‘साधारण इथं’ चालत नाही.

आता बोअर. बोअर मात्र गोलच हवा, कारण सील पिस्टन करत नाही, त्याच्याभोवतीच्या खाचांत बसलेल्या रिंगा करतात, आणि रिंग गोल असते. ती थोडीफार वाकून भिंतीशी जुळवून घेते, पण लंबगोल बोअरमध्ये कुठं ना कुठं उजेड राहतोच. तिथून गॅस खाली जातो आणि तेल वर येतं. लंबगोल होण्याचं कारणही साधं आहे. पिस्टनला क्रँकशी, म्हणजे खाली फिरणाऱ्या दांड्याशी, जोडणारा कनेक्टिंग रॉड तिरका होतो तेव्हा पिस्टनला बाजूच्या भिंतीवर दाबतो, आणि ती दिशा क्रँकला काटकोनात असते. झीज सगळ्यात जास्त होते वर, जिथं पहिली रिंग थांबून परत फिरते. तिथं दाब सर्वांत जास्त, उष्णता सर्वांत जास्त, आणि पिस्टनचा वेग शून्य झाल्यानं तेलाचा थर पातळ. त्याच्याही वर, जिथं रिंग पोचतच नाही, मूळ मापाची एक कड शिल्लक राहते. नखाला लागते ती. कार्बन खरवडला की तुमचा बोअर मुळात केवढा होता ते हीच कड सांगते.

गोंधळाला खतपाणी घालणारा योगायोग असा की दोन्ही लंबगोलांची लांब बाजू एकाच दिशेला असते. गजन पिन क्रँकला समांतर, म्हणून पिस्टनचा मोठा व्यास क्रँकला आडवा. बोअरची झीजही क्रँकला आडवी. मग कुणीतरी हुशार निघतोच, ‘अंड्यात अंडं बसलंय, चालू द्या’ म्हणणारा. अशा माणसाला मी रिंग हातात देतो आणि विचारतो, ही अंडं आहे का?

निमुळतेपणा आणि लंबगोलपणा यांतला फरक सांगायला फार जागा लागत नाही. एकाच दिशेनं वर आणि खाली मोजून येणारा फरक म्हणजे निमुळतेपणा, एकाच उंचीवर दोन दिशांनी मोजून येणारा फरक म्हणजे लंबगोलपणा. तीन उंच्या, दोन दिशा, चार सिलिंडर. चोवीस आकडे कागदावर उतरवा, पाठ करू नका.

रिंग वर आणि खाली ढकलून तिच्या टोकांमधली फट फीलरनं (ठरावीक जाडीच्या पातळ पट्टीनं) मोजायची युक्ती बऱ्याच जणांना माहीत असते. फटीतला फरक भागिले ३.१४, की निमुळतेपणा मिळाला. युक्ती चांगलीच आहे, पण ती फक्त घेर सांगते. गोल आणि लंबगोल यांत तिला फरक कळत नाही, त्यामुळे तिच्या भरवशावर ‘बोअर ओके’ म्हणणं म्हणजे कंबरेच्या मापावरून उंची सांगणं. पिस्टन बोअरमध्ये टाकून कडेनं फीलर घालणारेही भेटतात. आणि व्हर्नियर घेऊन येणारे! क्लिअरन्स, म्हणजे पिस्टन आणि बोअरमधली मोकळी जागा, पाच शतांश मिलिमीटर, व्हर्नियरचा एक काप दोन शतांशाचा, त्यात जबडे वाकून बसलेले. व्हर्नियर पेटीत ठेवा.

बाहेरचा मायक्रोमीटर आणि डायल बोअर गेज, बस. बोअर गेज स्वतःहून माप सांगत नाही, तो तुलना करतो. मायक्रोमीटर पिस्टनच्या मापाला लावून त्याच्यावर गेज शून्य करा, म्हणजे सुई थेट क्लिअरन्सच दाखवेल. गेज झुलवायचा आणि सुई जिथून उलटी फिरते तो आकडा घ्यायचा. आणि पिस्टन व ब्लॉक दोन्ही रात्रभर एकाच खोलीत ठेवा. ॲल्युमिनियमचा ८० मिलिमीटरचा पिस्टन दहा अंशांच्या फरकानं दीड शतांशाहून जास्त फुगतो. उन्हातल्या गाडीच्या डिकीतून काढून थेट मोजला तर क्लिअरन्सचा तिसरा हिस्सा तिथंच गडप.

आमच्या सांगलीकराच्या तिसऱ्या सिलिंडरमध्ये कडेवर ८०.२६, कडेच्या खाली क्रँकला आडवा ८०.३७, क्रँकच्या दिशेनं ८०.३०, तळाशी आडवा ८०.२८. म्हणजे लंबगोलपणा सात शतांश, निमुळतेपणा नऊ. जुन्या पिस्टनच्या स्कर्टवर कारखान्यातल्या बारीक रेघा अजून दिसत होत्या. यानं आधी ८०.३७ मधून ७९.९५ वजा करून ४२ शतांशाची झीज जाहीर केली होती. झिजलेल्या बोअरच्या सर्वांत मोठ्या मापातून न झिजलेल्या पिस्टनचं सर्वांत लहान माप वजा! असलं गणित मी आजवर बघितलं नव्हतं. पिस्टनची खरी झीज बघायची तर वरच्या रिंगेच्या खाचेत बघा, नवी रिंग घालून फीलरनं. तिथं मात्र जुने पिस्टन थोडे सैल झाले होते, आणि ते तो बघायला विसरला होता.

‘म्हणजे नुसत्या नव्या रिंगा घालून चालेल?’ नाही. लंबगोल बोअरला नव्या रिंगेनं आराम पडत नाही, वर ती नवी कोरी रिंग त्या कडेवर आपटून तुटायची शक्यता वेगळीच. बोअर २० थाऊ (इंचाचे वीस हजारांश, साधारण अर्धा मिलिमीटर) वाढवायचं ठरलं. मागवलेले पिस्टन स्टँडर्ड मापाचे होते, ते परत गेले आणि २० थाऊ ओव्हरसाइजचे आले.

‘शेवटी पिस्टन बदललेच ना? मग मी काय चुकीचं म्हणालो?’ असं तो अजूनही विचारतो. त्याला इतकंच सांगितलं, की या वेळी पिस्टन आधी मशीन शॉपला दे, प्रत्येकावर नंबर टाक, आणि बोअर त्या त्या पिस्टनच्या स्कर्टच्या मापाला होन करून, म्हणजे बारीक घासून, घे. तीन नंबरचा पिस्टन तीनमध्येच जाईल. आणि त्या माणसानं मायक्रोमीटर पिनच्या दिशेनं धरला, तर पिस्टन उचल आणि दुसरं दुकान बघ.