जुन्या माझदा एमएक्स-५ चं ब्रेक अपग्रेड

माझदा एमएक्स-५ ही दोन सीटची, टप उघडणारी छोटी स्पोर्ट्स कार. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागो ऑटो शोला पहिल्यांदा लोकांसमोर आली, अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात आणि जपानमध्ये ती युनोस रोडस्टर नावाने विकली गेली. इथे जे लिहिलंय ते मुख्यतः पहिल्या पिढीबद्दल आहे, म्हणजे १९८९ ते १९९७ ची एनए, कारण ब्रेक बदलायचा विषय सगळ्यात जास्त याच गाड्यांवर निघतो. गाड्या आता तीस वर्षांच्या पुढे गेल्यात, आणि त्यातल्या बऱ्याच ट्रॅकवर पळवल्या जातात किंवा त्यांना मागाहून टर्बो बसवलेला असतो. भारतात ही गाडी अधिकृतपणे कधी विकलीच गेली नाही, त्यामुळे मराठी माणसाच्या हाती ती आली तर बहुधा अमेरिका, इंग्लंड नाहीतर ऑस्ट्रेलियात.

मुळात हिचे ब्रेक वाईट नव्हते हे आधी सांगायला हवं. स्वस्तातली छोटी गाडी असूनही चारही चाकांना डिस्क (चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती) पहिल्यापासून होत्या. १६०० सीसीच्या गाडीला पुढे २३५ मिमीची, आतून हवा खेळणारी व्हेंटेड डिस्क आणि मागे २३१ मिमीची साधी भरीव डिस्क, चारही कॅलिपर, म्हणजे घर्षणाचे पॅड डिस्कवर दाबणारे चिमटे, एका पिस्टनचे, सरकते. गाडी हजार किलोच्या आतली, टायर १८५/६० आर १४, आणि एवढ्या हलक्या गाडीला रस्त्यावर हे ब्रेक पुरून उरतात. पेडल जोरात दाबल्यावर चाकं लॉक होत असतील तर थांबायचं अंतर टायरची पकड ठरवते, डिस्कचा आकार नाही. त्यामुळे मोठी डिस्क लावली की गाडी लवकर थांबेल हा समज एका फटक्याच्या ब्रेकिंगपुरता तरी चुकीचा आहे. त्याच पैशात चांगले टायर घेतले तर फरक लगेच जाणवतो.

मग मोठे ब्रेक कशासाठी, तर उष्णतेसाठी. ब्रेक म्हणजे गाडीच्या वेगाची उष्णता करणारं यंत्र, आणि वेग वाढला की ही उष्णता वर्गाच्या हिशोबाने वाढते. १००० किलोची गाडी १०० च्या स्पीडवरून थांबवली की साधारण ३८६ किलोज्यूल डिस्कमध्ये जातात, तीच १४० वरून थांबवली तर ७५६, म्हणजे वेग दीडपटही झाला नाही आणि उष्णता जवळजवळ दुप्पट. घाटातून खाली उतरताना किंवा ट्रॅकवर प्रत्येक वळणाला हे होत राहतं, डिस्कला निवायला वेळच मिळत नाही, आणि मग ब्रेक ढिले पडायला लागतात ज्याला फेड म्हणतात.

फेड दोन तऱ्हेचा असतो आणि हा फरक ओळखता आला पाहिजे, नाहीतर माणूस भलत्याच पार्टवर पैसे घालतो. पेडल घट्ट लागतंय, पाय जोर लावतोय, पण गाडी थांबत नाही, तर पॅड त्यांच्या तापमानाच्या पलीकडे गेलेत. पेडल स्पंजी होऊन खाली जातंय तर ब्रेक ऑइल उकळलंय, लाइनमध्ये वाफ झालीये आणि वाफ दाबली जाते. दुसरा प्रकार जास्त धोक्याचा, कारण तो अचानक येतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरत जातो. ब्रेक ऑइलच्या दर्जांपैकी डॉट ४ ची किमान मर्यादा ताजं असताना २३० अंश आणि ओल शोषल्यावर १५५, डॉट ५.१ ची २६० आणि १८०. ज्या जुन्या गाडीचं ऑइल कितीतरी वर्षं बदललेलंच नाही तिचे ब्रेक डिस्क लहान म्हणून नाही तर ऑइल जुनं म्हणून जातात. सिलिकॉनचं डॉट ५ मात्र वेगळी चीज आहे, ते बाकीच्यांत मिसळायचं नाही.

म्हणून अपग्रेडची सुरुवात गाडी मूळ स्थितीत आणण्यापासून करावी, माझ्या मते तरी दुसरा रस्ता नाही. सरकत्या कॅलिपरच्या पिना गंजून अडकलेल्या असतात, मग एकच पॅड झिजतं आणि गाडी एका बाजूला ओढते. रबरी होज पाइप आतून फुगतात, ऑइल जाताना जातं पण परत यायला अडखळतं, चाक धरून राहतं. मागच्या कॅलिपरमध्ये हँडब्रेकची यंत्रणा आतच आहे आणि तिचं अ‍ॅडजस्टमेंट कॅलिपरच्या मागे एका बोल्टच्या झाकणाखाली लपलेलं असतं, तिथे ४ मिमीची एलन की लागते, हे माहीत नसल्याने कितीतरी जण पिस्टन क्लॅम्पने दाबायला जातात आणि यंत्रणा खराब करतात. पॅड बदलताना स्क्रू उलटा फिरवून पिस्टन आत घ्यायचा, नंतर पॅड डिस्कला टेकेपर्यंत पुढे आणून थोडासा मागे सोडायचा. ब्रेक लाइनमधली हवा काढताना जुन्या मास्टर सिलिंडरचं (पेडल दाबल्यावर ऑइल लाइनमध्ये ढकलणारा पंप) पेडल तळापर्यंत मारू नये, कारण रोज न वापरलेल्या भागात गंज असतो आणि सील तिथे घासून फाटतं, पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की काम भागतं.

यानंतर पॅड. कमी पैशात जास्त फरक इथेच पडतो. स्पेक मियाटा नावाच्या अमेरिकेतल्या रेसिंगमध्ये कॅलिपर मूळचेच ठेवावे लागतात आणि फक्त रेसिंग पॅड नि चांगलं ऑइल यांवर ह्या गाड्या अख्खी रेस काढतात, यावरून मूळ ब्रेकमध्ये किती दम आहे ते कळतं. पण रेसिंग पॅड रोजच्या वापराला घेऊ नयेत, थंड असताना ते धरत नाहीत, आवाज करतात आणि डिस्क खातात. नवीन पॅड बसवले की बेडिंग करायचं, म्हणजे मोकळ्या रस्त्यावर वेगातून हळू वेगावर बऱ्याचदा आणायचं पण पूर्ण थांबायचं नाही, आणि शेवटी न थांबता गाडी चालवत ब्रेक गार करायचे. गरम डिस्कवर पेडल दाबून उभं राहिलं की तिथे पॅडचा थर चिकटतो आणि स्टिअरिंग थरथरतं, लोक म्हणतात डिस्क वाकली पण बहुतेक वेळा हा थरच असतो.

खरी डिस्क मोठी करायची असेल तर माझदाच्याच नंतरच्या गाड्यांचे पार्ट हा शहाणपणाचा मार्ग. १९९४ च्या मॉडेलपासून १८०० सीसीच्या गाडीला पुढे २५५ आणि मागे २५१ मिमी डिस्क आल्या. त्या १६०० च्या गाडीला लावायला डिस्क, कॅलिपर धरणारे ब्रॅकेट आणि पॅड लागतात, कॅलिपर तेच राहतात, डिस्कमागचा धूळ अडवणारा पत्रा थोडा वाकवावा लागतो, आणि १४ इंची चाकंही चालतात. त्याच पायाच्या जोरावर साधारण ८-१० टक्के जास्त ब्रेक मिळतो पण मुख्य म्हणजे लोखंड जास्त, उष्णता साठवायला जागा जास्त. याच्यापुढची पायरी २००१ नंतरच्या दुसऱ्या पिढीतले स्पोर्ट ब्रेक, पुढे २७० आणि मागे २७६ मिमी, त्याला किमान १५ इंची चाक लागतं.

चार पिस्टनवाले विलवूड कंपनीचे कॅलिपर असलेले किट पण मिळतात, वजनाने हलके असतात, पॅड पटकन बदलता येतात, टर्बोवाल्या ट्रॅकच्या गाडीला ते शोभतात. इथे सांभाळायचं ते पुढच्या-मागच्या ब्रेकचं गणित. पुढचेच ब्रेक मोठे केले तर पुढची चाकं आधी लॉक होतात, मागचे टायर पकड असूनही फुकट जातात आणि थांबायचं अंतर चक्क वाढू शकतं. उलट मागचे जास्त झाले तर ओल्या रस्त्यावर गाडी गर्रकन फिरते, छोट्या रिअर व्हील ड्राइव्ह गाडीत तर फारच पटकन. म्हणून पुढे-मागे जोडीनेच बदलावं, आणि संच वेगवेगळ्या ठिकाणचा असेल तर मागच्या लाइनला अ‍ॅडजस्टेबल प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा) बसवून मोकळ्या जागेत तपासून सेट करावं. मास्टर सिलिंडरचंही तसंच, ७/८ इंचावरून १५/१६ ला गेलं की पेडल वर आणि घट्ट लागतं पण पायाला जोर जास्त लावावा लागतो, ब्रेक वाढलेला नसतो.

भोकं पाडलेल्या डिस्क दिसायला छान, पण ट्रॅकवर त्या भोकांपासून तडे जातात, साधी किंवा खाचांची डिस्क बरी. जर्मनीत असा बदल तपासून कागदपत्रांत नोंदवून घ्यावा लागतो, नाहीतर गाडीची रस्त्यावर चालवायची परवानगी जाऊ शकते, आणि इंग्लंडमध्ये इन्शुरन्स कंपनीला कळवणं भाग आहे.