पार्श्वभूमी: पीजीचा थिसिस आणि त्यामागची सव्वाशे वर्षं

मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांचं इस्पितळ १८९४ साली सुरू झालं आणि सरकारी मेडिकल कॉलेज १९६२ साली. जत, अथणी, विजापूरकडचे पेशंट पिढ्यान्‌पिढ्या इथे येतात. आजार अभ्यासायला याहून चांगली जागा कुठली? तरीही एमडी-एमएस, म्हणजे पीजी (पदव्युत्तर शिक्षण) करणाऱ्या मुलांचे बहुतेक थिसिस परीक्षेपुरते लिहिले जातात आणि कपाटात जातात. मुलांना आळशी म्हणून हा प्रश्न सुटत नाही, तो जुना आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा जीवाणूशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी लस तयार केली ती ग्रँट मेडिकल कॉलेजातच, आणि जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. शिकवणं, उपचार आणि शोध तेव्हा एका छपराखाली होते. १८९९ साली प्रयोगशाळा परळला गेली. १९११ साली संशोधनासाठी वेगळा निधी उभा राहिला, त्याचीच १९४९ साली आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) झाली. पुण्याचं विषाणू केंद्र १९५२ चं. या संस्थांनी मोठं काम केलं, पण शोध म्हणजे संस्थांचं काम आणि कॉलेजनं पेशंट बघायचे, ही वाटणी आपल्या अंगवळणी पडली.

थिसिस नियमात राहिला. मेडिकल कौन्सिलच्या २००० सालच्या नियमावलीत पुढे भर पडली: एक पोस्टर, परिषदेत एक पेपर, आणि एक शोधनिबंध छापलेला, स्वीकारलेला किंवा नुसता पाठवलेला. या ‘पाठवलेला’ शब्दानं फार नुकसान केलं असं मला वाटतं. शिक्षकांच्या बढतीलाही निबंध मोजले जाऊ लागले आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचं फावलं. २००५ ते २०१४ या दहा वर्षांची मोजणी झाली तेव्हा देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांपैकी ३३२ मधून एकही शोधनिबंध आलेला नव्हता.

नियम वाढले, वेळ मात्र कुणी दिला नाही. निवासी डॉक्टरांनी आठवड्याला ४८ तास काम करावं असं केंद्रानं १९९२ सालीच सांगितलं होतं. वॉर्डात तो आकडा कुणाला खरा वाटत नाही. सिनॉप्सिस, म्हणजे थिसिसचा आराखडा, द्यायचा असतो पहिल्या वर्षात, म्हणजे जेआर-१ ला (पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरला) झोपही मिळत नाही तेव्हा. मग गाइड विषय सुचवतात, मागच्या बॅचचा थिसिस समोर ठेवून नवा लिहिला जातो. माझाही असाच झाला. संख्याशास्त्र काय असतं ते मला आकडे गोळा करून झाल्यावर कळलं. त्याची खंत अजून आहे.

इथल्या अडचणी तर इथल्याच. ऊसतोड मजूर गळीत हंगाम संपला की गावाकडे जातो, सहा महिन्यांचा फॉलोअप तिथेच तुटतो. सीमेपलीकडच्या पेशंटला संमतिपत्र कन्नडमध्ये द्यावं लागतं, त्याचं भाषांतर, एथिक्स कमिटीची मंजुरी, यात महिने जातात. जुने केसपेपर गाठोड्यात बांधलेले, हवा तो मिळेलच असं नाही.

साताऱ्याहून घाट उतरलं की महाड. तिथे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या प्रत्येक पेशंटची नोंद ठेवली, प्रॅझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून पाहिलं आणि ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. हाताशी मोठं कॉलेज नव्हतं, पण प्रश्न स्वतःच्या पेशंटचा होता आणि तो त्यांनी वर्षानुवर्षं सोडला नाही. आपल्या पीजीच्या मुलाला प्रश्न निवडायला मिळत नाही, आणि तीन वर्षांनी तो निघून जातो.

आता आयसीएमआरच्या चेन्नईच्या संस्थेचा संशोधनपद्धतीचा ऑनलाइन कोर्स पीजीला सक्तीचा आहे. जिल्हा रुग्णालयात तीन महिने काढायचाही नियम आहे. कोर्सचे व्हिडिओ मुलं नाइट ड्युटीत, पेशंट झोपल्यावर बघतात.