देवावरचा भरवसा आणि नशिबापुढची शरणागती

इंदूरच्या एमवाय हॉस्पिटलच्या आवारात रुग्णांच्या नातेवाइकांशी बोलताना ‘आता सगळे देवावर सोडले आहे’ हे वाक्य हमखास ऐकू येते. त्यामागे कधी ख्रिस्ती श्रद्धेत ज्याला भरवसा म्हणतात तो असतो, तर कधी ‘जे व्हायचे ते होणारच’ ही थकलेली समजूत असते. दोन्ही अवस्थांत माणूस बाहेरून शांतच दिसतो, म्हणून घोटाळा होतो. शहरातल्या ख्रिस्ती कुटुंबांतही तो होतो, कारण ‘देवाची मर्जी’ एवढे म्हणून सांत्वन उरकण्याची सवय धर्म पाहून लागत नाही.

पहिला फरक हा की नशिबाशी बोलता येत नाही. ते ऐकत नाही, त्यामुळे त्याच्याकडे तक्रार करण्यातही अर्थ नसतो. भरवसा मात्र ऐकणाऱ्या पित्यावर ठेवलेला असतो, म्हणून त्यात विनवणीला, रडण्याला आणि भांडणालाही जागा असते. बायबलमधील प्रार्थनागीतांच्या संग्रहातले, म्हणजे स्तोत्रसंहितेतील 13 वे स्तोत्र ‘कोठवर?’ असे देवाला पुन्हापुन्हा विचारत सुरू होते आणि 88 वे तर अंधारातच संपते. तरीही दोन्ही प्रार्थना म्हणूनच जपली गेली आहेत. क्रुसावरच्या मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने आधी दुःखाचा प्याला दूर करण्याची विनंती केली आणि मगच पित्याच्या इच्छेप्रमाणे होवो असे म्हटले. आपण बहुधा या प्रार्थनेचा उत्तरार्ध तेवढा लक्षात ठेवतो आणि तिला निमूट शरणागतीचे रूप देतो, हे मला तिच्यावर अन्याय करणारे वाटते.

येशूचा प्रेषित पौल याने फिलिप्पै शहरातील ख्रिस्ती लोकांना बंदिवासातून लिहिलेल्या, बायबलमधील फिलिप्पैकरांस पत्रात बुद्धीपलीकडच्या शांतीचा प्रसिद्ध उल्लेख चौथ्या अध्यायाच्या सातव्या वचनात येतो. परंतु त्याच्या आधीचे वचन चिंता न करता आपल्या मागण्या आभारासह देवाला कळवा असे सांगते, म्हणजे ही शांती मागणे सोडून देणाऱ्याला नव्हे, मागणाऱ्याला दिलेली आहे. शिवाय ती दुःखाला बधिर करत नाही. आपला सहकारी एपफ्रदीत मरणाच्या दारातून परतला नसता तर आपल्याला दुःखावर दुःख झाले असते, हे पौल त्याच पत्रात मोकळेपणाने कबूल करतो. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्याने शरीरातील काट्याबद्दल, म्हणजे सतत सलणाऱ्या एका पीडेबद्दल, देवाला तीनदा विनवणी केल्याचे सांगितले आहे. काटा निघाला नाही, मिळाले ते कृपा पुरेशी असल्याचे आश्वासन. मागितलेले न मिळताही नाते तुटत नाही, ही गोष्ट नशिबाच्या हिशेबात बसणारी नाही.

दुसरा फरक हातपाय हलवण्याचा. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ या म्हणीतला माणूस आणि भरवसा ठेवणारा माणूस यांना एकाच मापाने मोजता येत नाही. पुढे ख्रिस्ती झालेल्या समाजसुधारक पंडिता रमाबाईंनी तरुणपणीच दुष्काळाच्या हालांत आईवडील गमावले होते. 1896-97 च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुलींना आश्रयाला घेऊन आल्या. 1921 मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली, तरीही बायबलच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी सोडले नाही. 1922 च्या एप्रिलमध्ये त्यांचे निधन झाले. औषधोपचाराचेही तसेच आहे. पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला आपला तरुण सहकारी तीमथ्य याला देताना पौलाला त्यात अविश्वास दिसला नाही. तेव्हा प्रार्थना करणाऱ्या कुटुंबाने दुसऱ्या डॉक्टरचे मत घेतले, तर त्यात श्रद्धा कमी पडली असे मानण्याचे कारण नाही.

नशिबापुढे मान टाकणाऱ्याला तुच्छ लेखणे मात्र मला मान्य नाही. महिनोन्‌महिने आशा धरून ठेवणे दमवणारे असते, आणि आशा सोडली की तत्काळ हलके वाटते, हे खरे आहे. अशा माणसाला वचने ऐकवून उपयोग नसतो. त्याच्यासाठी डबा नेणे, रात्री रुग्णाजवळ थांबणे आणि त्याला स्वतःला प्रार्थना सुचत नसेल तर त्याच्या वतीने ती करणे, एवढे मंडळीला, म्हणजे चर्चमधल्या लोकांना, करता येते.