नियंत्रण पटल, यंत्राचे

यंत्र आणि ते चालविणारा कामगार यांच्यात आज्ञा व माहितीची देवाणघेवाण ज्या भागातून होते तो भाग. त्यात बटणे, निवड-स्विच, दर्शक दिवे, भोंगा आणि अलीकडे टच स्क्रीन यांचा समावेश होतो. कारखान्यात त्याला सरसकट ‘पॅनेल’ म्हणतात. स्क्रीनवाले असल्यास ‘एचएमआय’ (ह्यूमन-मशीन इंटरफेस).

रंगसंकेताच्या उगमाविषयी एकमत नाही. हिरवा म्हणजे चालू व लाल म्हणजे बंद हा संकेत रेल्वे सिग्नलवरून आला, असे सामान्यतः सांगितले जाते. ते जसेच्या तसे स्वीकारणे अवघड आहे. ब्रिटिश रेल्वेत एकोणिसाव्या शतकाचा बराच काळ मार्ग मोकळा असल्याची खूण पांढरा दिवा ही होती आणि हिरवा सावधगिरीचा मानला जाई. हिरव्याला आजचा अर्थ शतकाच्या अखेरीच्या सुमारास मिळाला. शिवाय वीजवितरणाच्या पटलांवर नेमका उलट संकेत रुळलेला आढळतो. ब्रेकर (वीजप्रवाह जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) जोडलेला, म्हणजे पुढची वाहिनी जिवंत असेल तर लाल दिवा. उघडा असेल तर हिरवा. भारतातील अनेक सबस्टेशनांत हाच संकेत दिसतो. त्यामुळे एकाच आवारात पॅनेल रूममधला लाल दिवा आणि लेथवरचा हिरवा दिवा दोन्ही ‘चालू’च सांगत असतात. वीजतंत्री दिव्यात धोका वाचतो, तर यंत्रावरचा कामगार काम सुरू असल्याची खूण. एकच मूळ शोधण्यापेक्षा या दोन स्वतंत्र परंपरा मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

आयईसी ६०२०४-१ या आंतरराष्ट्रीय मानकाने मधला मार्ग काढला आहे. चालू करण्याच्या बटणासाठी पांढऱ्याला पसंती, हिरवा चालतो, लाल वर्ज्य. थांबविण्याच्या बटणासाठी काळ्याला पसंती, लाल चालतो, हिरवा वर्ज्य. लाल रंग शक्यतो आपत्कालीन बटणासाठी राखून ठेवावा, हा त्यामागचा हेतू दिसतो. व्यवहारात मात्र हिरवे-लाल ही जोडीच टिकून आहे. आपत्कालीन बटण पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल, छत्रीच्या आकाराचे असते. दाबले की ते अडकून राहते. ते सोडविले तरी यंत्र आपोआप सुरू होता कामा नये. त्यासाठी चालू बटण वेगळे दाबावे लागते.

पत्रा साच्यात दाबून कापणाऱ्या वा वाकविणाऱ्या पॉवर प्रेसवर दोन हातांनी दाबायची दोन बटणे असतात. साचा खाली येताना दोन्ही हात बाहेर गुंतलेले राहावेत, ही कल्पना. कामाचा वेग वाढविण्यासाठी एक बटण पाचर मारून किंवा चिकटपट्टीने दाबून ठेवण्याची युक्ती जुनी आहे. म्हणून कडक सुरक्षाश्रेणीत दोन्ही बटणे ०.५ सेकंदाच्या आत दाबली गेली तरच झटका (साच्याची एक खाली-वर फेरी) मिळतो आणि पुढच्या झटक्याआधी दोन्ही सोडावी लागतात.

दिवा आज्ञेचा की प्रत्यक्ष स्थितीचा, हा आराखड्यातील कळीचा प्रश्न होय. अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात २८ मार्च १९७९ रोजी एक झडप उघडीच अडकली होती. तिचा दिवा मात्र विझलेला होता, कारण तो झडपेला नव्हे, तिच्या सोलेनॉइडच्या (झडप हलविणाऱ्या विद्युतचुंबकाच्या) वीजपुरवठ्याला जोडलेला होता. बंद होण्याची आज्ञा गेली, एवढेच त्याने सांगितले. गळती दोन तासांहून अधिक काळ चालू राहिली. यंत्रावर क्लॅम्प (काम घट्ट धरणारी पकड) बसल्याचा दिवा सोलेनॉइडऐवजी क्लॅम्पवरच्या लिमिट स्विचला (भाग प्रत्यक्ष जागी पोचल्यावर दाबला जाणाऱ्या स्विचला) जोडतात तो याच कारणाने.

स्क्रीन आल्यावर जागेची मर्यादा सुटली आणि धोक्याच्या सूचनांचा (अलार्मचा) पूर सुरू झाला. वेल्समधील मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात २४ जुलै १९९४ रोजी स्फोट झाला, त्याआधीच्या सुमारे ११ मिनिटांत दोघा चालकांपुढे २७५ सूचना आल्या. पुढे फिकट करडी पार्श्वभूमी व केवळ बिघाडालाच भडक रंग, ही शैली मांडली गेली. विक्रेत्याला चकचकीत स्क्रीन दाखवायला सोपी जाते. रात्रपाळीच्या माणसाला करडीच बरी.

भारतात कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम २४ मध्ये प्रत्येक कार्यकक्षात चालत्या यंत्राची शक्ती आणीबाणीत तोडण्याची साधने असावीत अशी तरतूद होती. पटलाची मांडणी, रंग वा त्यावरील भाषा यांविषयी ते कलम काही सांगत नव्हते.