पहिल्याच बाणात गेलेला सरदार: मेडीईव्हिल गेमची पार्श्वभूमी

दिवाळीत बहिणीकडे जुळे सोलापूरला गेलो होतो. भाचा टीव्हीसमोर बसलेला, पडद्यावर चिलखत घातलेला एक हाडाचा सापळा स्मशानात तलवार फिरवतोय आणि तोंडातनं नुसतं 'म्म, ह्म्म, ग्ग' असलं कायतरी काढतोय. भाचा म्हणला, "मामा, ह्याला नीट बोलायला का येत नाही?" म्हणलं, खालचा जबडाच नाही बे त्याला, बोलंल कसा. तर ह्यानं माझ्याकडं असं बघितलं की मला कसं काय माहीत, कारण त्याच्या हिशोबानं हा गेम आत्ताचा, आणि मामाला व्हॉट्सॲपपलीकडं काय कळतंय.

खरं म्हणजे हा गेम, मेडीईव्हिल, मी २००१-०२ च्या आसपास नव्या पेठेतल्या एका गेम पार्लरमध्ये पहिल्यांदा बघितला. तासाला दहा रुपये, प्लेस्टेशन म्हणजे टीव्हीला जोडायचं सोनीचं गेमचं मशीन, ते पण कॉपी सीडी चालावी म्हणून चिप मारलेलं, सीडी अर्थातच कॉपी केलेली, आणि खेळ जिथं थांबला ते साठवायचं मेमरी कार्ड मालक कुणाच्या हाताला लागू द्यायचा नाही, त्यामुळं दर वेळी परत थडग्यातनं उठायचं, परत तेच स्मशान, परत तीच टेकडी. भोपळ्यांच्या दरीपाशी माझा तास संपायचा आणि मागं उभा असलेला पोरगा "चल की बे, ऊठ" म्हणायचा. त्याच्या पुढं काय आहे ते मला कैक वर्षं माहीतच नव्हतं.

तर मूळ कुठनं सुरू होतं बघा. इंग्लंडमधल्या केंब्रिजात मिलेनियम इंटरॅक्टिव्ह नावाची छोटी कंपनी होती. तिथला ख्रिस सॉरेल म्हणजे जेम्स पॉन्ड हा गेम करणारा माणूस, एक मासा आणि तो गुप्तहेर, नावावरनंच कळतंय कुणाची टर उडवलीय. १९९५ च्या सुमारास त्यानं नवीन गेमची कल्पना मांडली, तिचं तात्पुरतं नाव 'डेड मॅन डॅन'. डोक्यात दोन गोष्टी होत्या. एक, कॅपकॉम कंपनीचा १९८५ चा घोस्ट्स एन गॉब्लिन्स हा गेम, ज्यात सरदाराला एक फटका बसला की चिलखत गळून तो चड्डीवर पळतो आणि दुसरा बसला की डायरेक्ट हाडं. दुसरी, १९९३ चा 'द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस' हा पिक्चर, म्हणजे वाकडीतिकडी घरं, पिळवटलेली झाडं, भीती वाटायच्या आधी हसू येईल असली भुतं. ही दोन्ही एकत्र केली की काय होतं ते सोलापूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर भूतबंगला लागतो, आत अंधारात कुणीतरी तंगडी ओढतं, आपण किंचाळतो आणि बाहेर येऊन परत तिकीट काढतो, तसलाच प्रकार.

आधी हा गेम एकट्या प्लेस्टेशनसाठी नव्हता, विंडोज आणि सेगा सॅटर्न ह्या दुसऱ्या गेम मशीनवर पण काढायचा विचार होता. मग सोनीला तो आवडला, गेम फक्त प्लेस्टेशनचा झाला आणि १९९७ मध्ये सोनीनं तो स्टुडिओच विकत घेतला. ऑक्टोबर १९९८ ला मेडीईव्हिल बाजारात आला. नावात मिडीव्हल म्हणजे मध्ययुगीन आणि ईव्हिल म्हणजे दुष्ट, दोन्ही कोंबलंय. संगीत अँड्र्यू बार्नबस आणि पॉल अरनॉल्ड ह्या जोडीचं, आणि डॅनचा, म्हणजे त्या सापळ्याचा, आवाज काढलाय जेसन विल्सननं, जो सॉरेलबरोबर हा गेम घडवणाऱ्यांपैकीच होता. जबडा नसलेल्या माणसाचा आवाज काढायचा म्हणजे पण कला आहे राव.

पण ह्या सगळ्यापेक्षा भारी आहे ती गोष्ट, आणि माझ्या मते सगळी मालिका त्या एका जोकवर उभी आहे. गॅलोमिअर नावाचं राज्य, साल १२८६, झॅरॉक नावाचा जादूगार भुतांची फौज घेऊन येतो. राजा पेरेग्रिनचा सरदार सर डॅनियल फोर्टेस्क्यू फौजेच्या पुढं. सगळीकडं गाजलेली कथा अशी की डॅननं झॅरॉकला मारलं आणि स्वतः जखमी होऊन वीरमरण आलं. खरी कथा अशी की लढाईतला पहिला बाण थेट डॅनच्या डोळ्यात घुसला आणि साहेब तिथंच खलास. राजानं लाज झाकायला त्याला हिरो करून पुरला. शंभर वर्षांनी झॅरॉक परत येतो, मेलेल्यांना उठवायचा मंत्र टाकतो, आणि त्या मंत्रात चुकून डॅन पण उठतो. एक डोळा गेलेला, जबडा नाही, आणि आता जे केलंच नव्हतं ते खरंच करून दाखवायची पाळी.

आपल्याकडं गावात मारुतीच्या देवळाबाहेर वीरगळ असतात की नाही, खाली लढाईत पडलेला वीर, मधे अप्सरा त्याला घेऊन चालल्यात, वर तो शंकराच्या पिंडीपाशी. आता समजा त्यातला एखादा वीर खोटा निघाला आणि वरच्या बाकीच्या वीरांना ते माहितीय. गेममध्ये हॉल ऑफ हिरोज हे तसंच ठिकाण. प्रत्येक लेव्हलमध्ये पुरेशी भुतं मारली की एक प्याला भरतो, तो मिळवला की त्या दालनात जायला मिळतं, तिथले खरे वीर पुतळे होऊन उभे, एकेक हत्यार देतात आणि काही जण देता देता टोमणे पण मारतात. भिंतीवरचे गार्गॉइल, म्हणजे दगडी राक्षसांची तोंडं, सुद्धा डॅनची खेचतात. हातात हत्यार नसलं तर बिचारा स्वतःचाच हात उपटून त्यानं मारतो. सगळे प्याले भरले तरच शेवटी त्याला त्या दालनात जागा मिळते, नाहीतर झॅरॉकला हरवून सुद्धा गप परत थडग्यात.

दुसरा भाग २००० मध्ये आला, तो १८८६ च्या लंडनमध्ये. लॉर्ड पेलथॉर्न नावाचा माणूस झॅरॉकचा मंत्र वापरतो आणि म्युझियममध्ये ठेवलेला डॅन उठतो. जॅक द रिपर हा लंडनचा कुप्रसिद्ध खुनी आहे, किया नावाची इजिप्तची ममी राजकन्या आहे, टाइम मशीन आहे, डॅनचं मुंडकं काढून एका तुटक्या हातावर बसवून बारक्या भोकातनं पाठवता येतं, ही आयडिया तर कहर. पण मला विचाराल तर पहिल्याची मजा त्यात नाही, कारण डॅन आता खराच हिरो झालेला, मग टोमणे कशावरनं मारायचे?

मग पीएसपीवर, म्हणजे सोनीच्या हातात धरायच्या मशीनवर, २००५ ला रिझरेक्शन आला, म्हणजे पहिलाच गेम बदलून केलेला. त्यात डॅनच्या कवटीत अल-झलाम नावाचा बडबड्या जिनी घालून ठेवला. ज्याची गंमत मुकेपणात त्याच्या डोक्यात बोलका माणूस कशाला घालायचा हे मला आजवर कळालेलं नाही. संगीत मात्र प्राग शहरातल्या ऑर्केस्ट्रानं वाजवलेलं, ते एक नंबर.

त्यानंतर बराच काळ काहीच नाही. २०१२ मध्ये प्लेस्टेशनच्या सगळ्या हिरोंच्या मारामारीच्या गेममध्ये डॅन तेवढा दिसला. केंब्रिजच्या स्टुडिओचं नाव २०१२ मध्ये गुरिला केंब्रिज झालं आणि जानेवारी २०१७ मध्ये सोनीनं तो बंदच केला. आणि गंमत बघा, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मेडीईव्हिल परत करतोय म्हणून सोनीनं जाहीर केलं. करणारे वेगळेच, अमेरिकेतली अदर ओशन नावाची कंपनी. २५ ऑक्टोबर २०१९ ला प्लेस्टेशन ४ वर आला, हॅलोविनच्या तोंडावर. चित्रं नवी, गोष्ट तीच, जिनी गायब, टोमणे जागेवर.

भाचा खेळूलालता तो हाच. त्यात भटकते आत्मे शोधायचं एक वाढीव काम आहे, ते सगळे सुटले की आत १९९८ चा मूळ गेम उघडतो, आणि ह्या पट्ठ्यानं ते सगळे सोडवून ठेवलेले. उघडून बघितलं आणि म्हणला, "मामा, हे लई चौकोनी चौकोनी दिसतंय, तुम्ही पैसे देऊन खेळायचा हे?" म्हणलं दे इकडं. बहिणीनं दोनदा जेवायला हाक मारली, भाकरी गार झाली, पण भोपळ्यांची दरी ओलांडूनच उठलो. पुढं एक भोपळ्याचाच राक्षस बसलेला असतो म्हणे, ते मला आत्ता कळालं.