श्री पुंडलिक (मूकपट)

पंढरपूरच्या पुंडलिकाच्या कथेवरचा रामचंद्र गोपाळ ऊर्फ दादासाहेब तोरणे यांचा मूकपट. 18 मे 1912 रोजी तो मुंबईत गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' त्याच ठिकाणी 3 मे 1913 रोजी, म्हणजे जवळजवळ वर्षभराने आला.

कथा सोलापूर जिल्ह्याची. आईवडिलांना छळणारा पुंडलिक काशीला निघतो आणि वाटेत कुक्कुट ऋषींच्या आश्रमात मुक्काम करतो. पहाटे मळक्या वस्त्रांतल्या तीन स्त्रिया येतात, आश्रम झाडून-सारवून काढतात आणि लख्ख होऊन बाहेर पडतात. त्या गंगा, यमुना आणि सरस्वती. त्यांनी कानउघाडणी केल्यावर तो ताळ्यावर येतो. पुढे साक्षात देव दारी आला, तरी आईवडिलांची सेवा अर्धवट न सोडता तो नुसती वीट भिरकावतो आणि विठोबा त्या विटेवर उभा राहतो.

हे सोलापूरकरांना वेगळे सांगावे लागत नाही. शहरापासून पंढरपूर सुमारे 70 किलोमीटर. तिथे रीत ठरलेली: आधी चंद्रभागेत स्नान, मग पुंडलिकाचे दर्शन, मग विठोबा. पुंडलिकाचे देऊळ थेट नदीच्या वाळवंटात आहे आणि पूजेचा मान महादेव कोळी समाजाकडे. पावसाळ्यात उजनी आणि वीर धरणांतून पाणी सोडले की त्याला वेढा पडतो. पूर मोठा असला, तर शिखराचा भागच काय तो वर दिसतो.

मूकपटात मात्र हे वाळवंट नाही. रंगभूमीवरच्या मराठी नाटकाचे ते मुंबईत केलेले सुमारे 22 मिनिटांचे चित्रण होते. संगीत नाटकांवर पोसलेल्या प्रेक्षकाला ते आवाजाविना कसे रुचले असेल? कथा तोंडपाठ होती, हेच उत्तर पटते. पडद्यावर वीट दिसली की पुढचे सगळे प्रेक्षक मनात म्हणून घेत असणार. कोरोनेशनमध्ये याच्याच जोडीला एक परदेशी चित्रपटही होता. खेळ दोन आठवडे चालला.

पहिल्या भारतीय कथापटाचा मान कुणाचा, हा वाद यातूनच निघतो. नाटकाचे चित्रण, छायाचित्रकार ब्रिटिश आणि फिल्म धुतली लंडनला, या तीन कारणांनी मान 'राजा हरिश्चंद्र'ला दिला जातो. यांतले पहिले कारणच वजनदार. उरलेली दोन तंत्राच्या सोयीची आहेत, कर्तृत्वाची नाहीत. मूकपटाची प्रत आज उपलब्ध नाही.