सोनारमध्ये विमान नाय, विमानाची सावली बघायची

दाबोळी एअरपोर्टजवळच्या नौदलाच्या विमान म्युझियममध्ये अलिझे नावाचं जुनं विमान ठेवलंय. तसलंच एक अलिझे 1971 च्या युद्धात 10 डिसेंबरला अरबी समुद्रावर गेलं ते परत आलं नाही, आत तिघे होते, तिघेही बेपत्ता. हे सांगितलं की कोणतरी हमखास विचारतो, एवढे सॅटेलाइट आहेत तर एक विमान दिसत नाय?

नाय दिसत. खाऱ्या पाण्यात रेडिओ लहरी लगेच मरतात, उजेड पण थोडंच खाली जातो. गूगल मॅपवर समुद्राचा जो तळ दिसतो त्यातला बराचसा अंदाजाने काढलेला, नीट मोजलेला भाग जगभरात साधारण चौथा हिस्सा असेल. खालपर्यंत पोचतो तो फक्त आवाज, सेकंदाला साधारण 1500 मीटर वेगाने. आणि युद्धातल्या जुन्या विमानांत पाण्याखाली टिकटिक करणारा ब्लॅक बॉक्स नव्हता, म्हणजे आवाज आपणच पाठवायचा.

त्यासाठी साइड-स्कॅन सोनार, म्हणजे आवाजाने तळ बघायचं यंत्र. बोटीमागे केबलने ओढायचा, तळापासून थोडा वर ठेवायचा, तो दोन्ही बाजूंना तिरका आवाज मारतो आणि परत आलेल्या आवाजाचं चित्र बनवतो. सगळे चित्रातला चकाकणारा ठिपका शोधतात, पण तो फसवतो, कारण विमानाचा गुळगुळीत पत्रा तिरका पडला असेल तर आवाज भलतीकडेच फेकतो आणि साधा खडक मात्र झक्क चमकतो. खरी गंमत त्यामागच्या काळ्या पट्ट्यात, तिथे आवाज पोचलाच नाही ती सावली. संध्याकाळच्या उन्हात माडाची सावली लांब पडते तसंच, सोनार जेवढा तळाजवळ तेवढी सावली लांब. आता गणित: सोनार तळापासून 20 मीटर वर, सावलीचं टोक सोनारपासून 100 मीटरवर, सावली 15 मीटर लांब, तर 15 गुणिले 20 भागिले 100, वस्तूची उंची 3 मीटर. आणि सावलीची कड सरळ निघाली, तिला पंखासारखा किंवा शेपटीसारखा कोन असला, की मग कॅमेरा खाली सोडायचा. फ्रिक्वेन्सीची पण कटकट असते, 100 किलोहर्ट्झला काहीशे मीटर लांबचं दिसतं पण धूसर, 500 ला बारीक दिसतं पण पट्टा अरुंद, म्हणून आधी मोठी चाळण आणि मग बारीक.

मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकीय फरक टिपणारं यंत्र, मदत करतो पण पत्रा अॅल्युमिनियमचा, तो त्याला कळत नाय, इंजिनातलं पोलाद तेवढं कळतं आणि तेही अंतर दुप्पट झालं की सिग्नल आठव्या हिश्श्यावर.

कॅमेरा सोडण्याआधी गाजावाजा केला की काय होतं ते 2024 मध्ये दिसलं. अमेरिकन वैमानिक अमेलिया इअरहार्टचं 1937 मध्ये हरवलेलं विमान सोनारमध्ये दिसलं म्हणून जानेवारीत जगभर बातम्या, नोव्हेंबरमध्ये कळलं की तो नैसर्गिक खडक. आपल्याकडे हरवलेल्यासाठी देवाला कौल लावतात, मूर्तीवरचं फूल कुठल्या बाजूला पडतं ते बघतात, घरच्यांना धीर येत असेल तर येवो, पण फुलाला तळाचा नकाशा ठाऊक नसतो. त्यापेक्षा पणजीजवळच्या मालीम जेट्टीवरच्या ट्रॉलरवाल्या तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला विचारा, जाळं कुठे कुठे अडकून फाटतं ते.

विमान सापडलं तरी माणसं ओळखायची राहतात. दुसऱ्या महायुद्धातले 70 हजारांहून जास्त अमेरिकन अजून बेपत्ता आहेत, त्यांची सरकारी टीम हाडांतला मायटोकाँड्रियल डीएनए वापरते, कारण पेशीत त्याच्या खूप कॉपी असतात आणि जुन्या हाडातही तो टिकतो. पण तो फक्त आईकडून येतो, म्हणजे पुरुष पायलटच्या स्वतःच्या मुलाचा नमुना या टेस्टला चालत नाय, बहिणीच्या मुलाचा चालतो.